मुहम्मदिया : जावा बेटावरील एक शिक्षण-चळवळ

इस्लामी जगांतील आधुनिक चळवळींची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा दोन-तीन नांवें उभीं राहतात. अलीगढचें कॉलेज काढणारे सर सय्यद अहमद, देवबंदचें दारुल उलूम, आणि फार तर कैरो येथील शेख मुहम्मद अब्दुह. याखेरीज ज्या चळवळी वर्तमानपत्रांतून ठाऊक होतात, त्या राजकारणाच्या आणि रक्तपाताच्या. परंतु शाळा, दवाखाने आणि अनाथालयें यांच्या संख्येनें मोजावयाचें झाल्यास मुसलमानी जगांतील अगदीं मोठ्या चळवळींपैकीं एक चळवळ अरबस्तानांत नव्हे, मिसरांत नव्हे, तर आपल्या पूर्वेस जावा बेटावर जन्मली. तिचें नांव मुहम्मदिया. एका मशिदीच्या खतिबानें आपल्या घराच्या बैठकीच्या खोलींत फळा टांगला, बाकें मांडलीं, आणि तेवढ्यावरून लोकांनीं त्याला काफर ठरविलें, येथून या चळवळीची हकीकत सुरू होते.

बाकावर बसल्यानें धर्म कसा बुडतो, हा प्रश्न आज हास्यास्पद वाटेल. त्या काळीं तो तसा नव्हता. तेव्हांच्या जावांतील मुलाचें शिक्षण कसें होत असे, हें आधीं पाहिलें म्हणजे त्या रागाचा उलगडा होतो.

जावावर त्या वेळीं डचांचें राज्य होतें. मुसलमान मुलगा धर्मशिक्षणासाठीं जेथें जाई त्या संस्थेला पेसान्त्रेन म्हणतात. तिचें स्वरूप आपल्या जुन्या गुरुगृहाशीं पुष्कळ जुळतें. मध्यें गुरूचें घर आणि मशीद, भोंवतीं विद्यार्थ्यांच्या साध्या झोंपड्या. गुरूला कियाई म्हणावयाचें. तो अरबी ग्रंथ उघडून एकेक शब्द वाची, त्याचा जावी भाषेंत अर्थ सांगे, आणि सभोंवार जमिनीवर बसलेले विद्यार्थी तो अर्थ आपापल्या पोथींत ओळीखालीं बारीक अक्षरांत लिहून घेत. इयत्ता नाहींत, वार्षिक परीक्षा नाहीं, हजेरीपट नाहीं. एक ग्रंथ संपला म्हणजे दुसरा हातीं घ्यावयाचा. एका गुरूपाशीं विद्या पुरी झाली म्हणजे दुसऱ्या गांवच्या गुरूची वाट धरावयाची. या पद्धतींत गुरुशिष्यांचा जो जिव्हाळा असे, त्याचा पन्नास मुलें एका खोलींत कोंबून शिकविणाऱ्या कोणत्याहि मास्तराला हेवा वाटावा. परंतु गणित, भूगोल, पृथ्वीच्या पाठीवर चाललें आहे तरी काय, याची वार्ता तेथवर सहसा पोंचत नसे.

दुसरी शाळा सरकारी. तेथें डच भाषा होती, हिशेब होता, नोकरीचें दार तेथूनच उघडत होतें. पण ती मुख्यतः सरदार आणि अधिकारी यांच्या मुलांसाठीं. शिवाय सरकारचें धोरण धर्माच्या बाबतींत तटस्थ, त्यामुळें इस्लामला अभ्यासक्रमांत जागा नाहीं. तिसरीकडे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आणि इस्पितळें उभीं राहत होतीं. म्हणजे बापापुढें पेंच असा कीं, मुलाला धर्म द्यावा तर तो जगाला मुकतो, आणि जग द्यावें तर तो धर्माला मुकतो. हा पेंच ज्यानें सोडवावयास घेतला तो स्वतः जुन्या परंपरेंतला मनुष्य होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अहमद दहलान यांचा जन्म १८६८ सालीं योग्यकर्ता या सुलतानाच्या राजधानींत झाला. तेथील मोठ्या मशिदीला लागून कौमान नांवाची वस्ती आहे. मशिदीच्या सेवेंत असलेल्यांचीं घरें तेथें. दहलान यांचे वडील त्या मशिदीचे खतीब होते, आणि त्यांच्या मागें ती खतिबी मुलाकडे आली. तरुणपणीं ते मक्केस जाऊन कांहीं वर्षें शिकले. १९०३ च्या सुमारास पुन्हां गेले. चरितार्थासाठीं ते बातिक नांवाच्या रंगीत कापडाचा व्यापार करीत, आणि व्यापाराच्या निमित्तानें गांवोगांव हिंडत. कैरोहून १८९८ पासून निघूं लागलेलें 'अल् मनार' हें मासिक त्यांच्या वाचनांत होतें. मुसलमानांनीं मूळ धर्मग्रंथांकडे परत जावें, मधल्या काळांत सांचलेल्या रूढी तपासून पाहाव्या, आणि नव्या शास्त्रांना भिऊं नये, अशी शेख अब्दुह यांची शिकवण त्या मासिकांतून दूरवर पसरत होती.

पहिला खटका उडाला तो शाळेवरून नव्हे, दिशेवरून. नमाज मक्केंतील काबाकडे तोंड करून पढावयाचा असतो. योग्यकर्त्याची मोठी मशीद सरळ पश्चिमाभिमुख बांधलेली. परंतु नकाशा पुढें घेऊन गणित केलें तर मक्का तेथून पश्चिमेच्या उत्तरेस सुमारें २४ अंशांवर पडते. एकोणिसावें शतक संपत आलें असतां दहलान यांनीं हा मुद्दा उलेमांपुढें मांडला. चर्चा झाली, निष्पन्न कांहीं झालें नाहीं. मग एके रात्रीं त्यांच्या विचारांच्या कांहीं तरुणांनीं मशिदींत जाऊन जमिनीवर तिरप्या रेषा आखल्या. मुख्य काजीनें त्या पुसून टाकविल्या. दहलान यांनीं आपलें लहानसें प्रार्थनागृह योग्य दिशा धरून बांधलें होतें. काजीच्या हुकमानें तें पाडण्यांत आलें. उद्विग्न होऊन ते शहर सोडून निघाले होते, आणि आप्तांनीं स्टेशनावर गांठून समजूत घालून त्यांना परत आणलें, असें चरित्रकार सांगतात.

या भांडणांत धर्माचें कोणतेंहि तत्त्व पणाला लागलें नव्हतें. काबाकडे तोंड करावें याबद्दल दोन्ही पक्षांचें एकमत होतें. वाद एवढाच, कीं मशिदींतल्या प्रश्नावर भूगोलाची साक्ष काढतां येते कीं नाहीं. आज त्या मशिदींत गेलेल्याला इमारत पूर्वीप्रमाणेंच पश्चिमेकडे तोंड करून उभी दिसते, पण नमाजाच्या रांगा तिरप्या असतात. प्रश्न तेवढ्यानें संपला म्हणावा, तर २०१० सालीं इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनें किब्ला पश्चिमेस आहे असा फतवा काढला, आणि त्याच वर्षीं तो दुरुस्त करून वायव्य दिशा सांगावी लागली!

१९०८ सालीं बटेव्हिया येथील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीं बुदी उतोमो ही संस्था स्थापिली. पुढल्याच वर्षीं दहलान तिचे सभासद झाले. त्या ओळखीमुळें शहरांतील सरकारी अध्यापनशाळेच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर इस्लाम शिकविण्याची त्यांना मुभा मिळाली. त्यांनीं तेथें धर्म शिकविला. आणि शिकवितां शिकवितां शाळा कशी चालते हें पाहून ठेवलें. मुलांच्या इयत्ता पाडलेल्या असतात, एकाच वेळीं सर्वांच्या डोळ्यांपुढें फळ्यावर एकच गोष्ट लिहितां येते, कोण मागें पडला तें परीक्षेंत कळतें. यांत डच असें काय आहे? १९११ सालीं त्यांनीं आपल्या घरींच शाळा उघडली. कापडाच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांतून बाकें व टेबलें केलीं होतीं, असें सांगतात. प्रारंभीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं मुलें. कुराण व धर्माचार यांबरोबर हिशेब व इतर लौकिक विषय.

लोक संतापले. इतरांचें अनुकरण करणारा त्या इतरांतलाच होतो, असा त्यांचा आक्षेप होता. बाक डचांचें, खडू डचांचा, तेव्हां त्यावर शिकविला जाणारा इस्लाम तरी आपला कसा राहील? 'काफर कियाई' ही पदवी दहलान यांना मिळाली. यासंबंधीं एक आख्यायिका आहे. मागेलांग गांवचा एक कियाई जाब विचारण्यासाठीं आला. दहलान यांनीं त्याला विचारलें, आपण येथवर कसे आलांत? तो म्हणाला, आगगाडीनें. तर मग परत जातांना पायीं जावें, कारण आगगाडीहि काफरांचीच आहे, असें दहलान म्हणाले. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली असो, वादाचें मर्म तींत बरोबर उतरलें आहे.

पण या शाळेला खरा धोका शिव्याशापांचा नव्हता. एका माणसाच्या घरांत भरणारी शाळा त्या माणसाबरोबरच मरते. हें धनी गुरुजींच्या ध्यानांत येण्यापूर्वीं त्या अध्यापनशाळेंतील विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आलें, आणि शाळेमागें एखादें मंडळ उभें करावें असें त्यांनीं सुचविलें. १८ नोव्हेंबर १९१२ रोजीं मुहम्मदियेची स्थापना झाली. सरकारनें १९१४ मध्यें मान्यता दिली ती योग्यकर्ता विभागापुरतीच. परगांवच्या मंडळींनीं मग निराळीं नांवें धारण करून तीच कामें चालविलीं. १९२० मध्यें सबंध जावा बेटापुरती आणि १९२१ मध्यें डचांच्या सर्व पूर्व बेटांपुरती परवानगी मिळाली, तेव्हां या वेगळ्या नांवांच्या शाखा उघडपणें एकत्र आल्या.

दहलान कसे शिकवीत याचा एक प्रसंग मुहम्मदियेच्या शाळांतून आजहि सांगितला जातो. पहांटेच्या पाठांत त्यांनीं कुराणांतील 'अल् माऊन' नांवाचें एक लहानसें प्रकरण घेतलें. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. अखेर सूजा नांवाच्या शिष्यानें विचारलें, कीं हें तर आम्हांला केव्हांच मुखोद्गत झालें, पुढचा पाठ कां घेत नाहीं? या प्रकरणांत अनाथाला झिडकारणाऱ्याला आणि गरिबाच्या अन्नाची पर्वा न करणाऱ्याला धर्मबुडव्या म्हटलें आहे, आणि देखाव्यासाठीं नमाज पढणाऱ्याचा धिक्कार केला आहे. दहलान यांनीं विचारलें, पाठ झालें खरें, पण त्याप्रमाणें केलेंत काय? आणि शहरांत जाऊन निराश्रित मुलें शोधावीं, त्यांना आणून न्हाऊं घालावें, जेवूं घालावें, धड कपडे द्यावे, मग पुढील पाठ, असें सांगून त्यांनीं त्या दिवशींचा वर्ग सोडला.

हाच सूजा पुढें दवाखान्याच्या कामाचा प्रमुख झाला. १९२० च्या एका सभेंत त्यानें आपल्या खात्याचा बेत सांगितला: इस्पितळ काढावयाचें, गरिबांसाठीं आसरा काढावयाचा, अनाथालय काढावयाचें. सभा हंसली. इस्पितळ काढणें हें सरकारचें किंवा मिशनऱ्यांचें काम. योग्यकर्त्यांत मिशनचें मोठें इस्पितळ होतेंहि. कापडाचे व्यापारी आणि मशिदीचे सेवेकरी इस्पितळ काय चालविणार? सूजानें शांतपणें सांगितलें, कीं तीं चालविणारीं माणसेंच आहेत आणि आम्हींहि माणसेंच आहों. फेब्रुवारी १९२३ मध्यें योग्यकर्त्यांत दवाखाना सुरू झाला. त्यानंतर आठच दिवसांनीं, २३ फेब्रुवारीला, दहलान वारले. पुढच्या वर्षीं सुराबाया येथें दुसरा दवाखाना निघाला. त्याला डॉ. सुतोमो यांचें साहाय्य होतें. ते बुदी उतोमोच्या संस्थापकांपैकीं.

पैशाची तंगी नेहमींचीच. शिक्षकांचे पगार थकले तेव्हां दहलान यांनीं घरांतलें सामान लिलावाला काढलें. लोकांनीं बोली बोलून पैसे दिले आणि पुष्कळांनीं वस्तू तेथेंच ठेवून दिल्या, अशी हकीकत आहे. शाळा चालविण्याचा अनुभव ज्याला आहे त्याला या गोष्टींत अतिशयोक्ति वाटणार नाहीं.

स्त्रियांचा प्रश्न दहलान यांनीं लवकर हातीं घेतला, आणि त्यांत त्यांच्या पत्नी सिती वालिदा यांचा वांटा पतीइतकाच होता. १९१३ च्या सुमारास कौमानमधील तीन मुली सरकारी शाळेंत पाठविण्यांत आल्या. धर्मसेवकांच्या वस्तींतून मुलीनें डच पद्धतीच्या शाळेंत जाणें ही लहान गोष्ट नव्हती. त्यांतलीच एक, सिती बारिया, पुढें १९१७ मध्यें निघालेल्या 'आयशिया' या स्त्रीसंस्थेची पहिली अध्यक्ष झाली. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांनीं धर्मवचनें पुढल्या पिढीला शिकविलीं, म्हणून संस्थेला त्यांचें नांव. १९१९ मध्यें बालवर्ग, १९२२ मध्यें कौमानांत केवळ स्त्रियांसाठीं मशीद, १९२६ मध्यें स्वतंत्र मासिक, अशी तिची वाटचाल आहे. त्याच १९२६ सालीं सुराबायाच्या अधिवेशनांत वालिदा यांनीं अध्यक्षस्थान भूषविलें.

तरी पण येथें पुरा विजय झाला असें म्हणवत नाहीं. मुहम्मदियेच्या सभांतून स्त्रियांची जागा बरींच वर्षें पडद्याआड राहिली. बेंगकुलु येथें स्थानबद्ध असलेले सुकर्णो तेथील मुहम्मदियेच्या शाळेंत शिकवीत असत. १९३९ मध्यें एका सभेंत असा पडदा टांगलेला पाहून ते पत्नीसह उठून गेले, आणि हा पडदा म्हणजे स्त्रियांच्या गुलामगिरीचें चिन्ह आहे असें त्यांनीं जाहीर केलें. शाळेचें दार मुलीला उघडणें आणि सभेंतला पडदा काढणें, या दोन गोष्टी एका हातानें होत नाहींत असें दिसतें.

सुधारकांच्या अंगीं जो एक रुक्षपणा असतो तो मुहम्मदियेंतहि होता. जावांतील खेडुतांचा इस्लाम मृताच्या तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या दिवशीं जमून करावयाच्या प्रार्थनांत, पीरांच्या कबरींच्या दर्शनांत आणि सामुदायिक जेवणांत गुंतलेला होता. मूळ ग्रंथांत आधार नाहीं म्हणून मुहम्मदियेनें हें सारें त्याज्य ठरविलें. ज्या आईनें आपल्या मुलाचा चाळिसावा दिवस केला तिला तें करणें चूक होतें असें सांगण्यास विद्वत्ता पुरते, पण तेवढ्यानें तिचें समाधान होत नाहीं. खेड्यांतील कियाई दुखावले. त्यांतच १९२४ मध्यें इब्न सौद यांच्या फौजांनीं मक्का घेतली, आणि तेथील जुने संप्रदाय व कबरी राहतील कीं नाहीं अशी भीति पडली. या सर्वांतून ३१ जानेवारी १९२६ रोजीं सुराबाया येथें नहदतुल उलमा ही जुन्या पंथाच्या उलेमांची संघटना निघाली. तिचे अध्वर्यु तेबुइरेंग येथील पेसान्त्रेनचे कियाई हाशिम अशअरी. मौज अशी, कीं दहलान आणि हाशिम हे दोघेहि मक्केंत शेख अहमद खतीब या एकाच सुमात्री विद्वानापाशीं शिकलेले.

परंतु या जुन्या पक्षाचें घर आंतून पाहावें. तेबुइरेंगमध्यें १९१६ पासून इयत्ता पडूं लागल्या होत्या. १९१९ मध्यें मलायी भाषा, गणित व भूगोल हे विषय दाखल झाले. १९३४ मध्यें हाशिम यांचे विशींतले चिरंजीव वाहिद हाशिम यांनीं तेथें एक नवी शाखा काढून बहुतेक वेळ लौकिक विषयांनाच दिला. म्हणजे दहलान यांच्या रूढिखंडनाला कडाडून विरोध करणाऱ्यांनींहि फळा आणि बाक ही त्यांची पद्धत निमूटपणें उचलली. मुहम्मदियेचें सर्वांत मोठें यश तिच्या स्वतःच्या शाळांत मोजण्यापेक्षां या प्रतिपक्षाच्या शाळांत मोजणें अधिक योग्य होईल. वाहिद हाशिम पुढें स्वतंत्र इंडोनेशियाचे धर्मखात्याचे मंत्री झाले, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुर्रहमान वाहिद १९९९ ते २००१ या काळांत देशाचे राष्ट्राध्यक्ष होते.

मुहम्मदिया राजकीय पक्ष झाली नाहीं. डच सरकारकडून कांहीं शाळांना अनुदान घेतल्याबद्दल तिला राष्ट्रवाद्यांचे टोमणे खावे लागले. पण तिच्याच बालवीर पथकांत वाढलेला आणि चिलाचाप येथील तिच्याच शाळेंत मास्तरकी केलेला सुदिरमान नांवाचा तरुण नोव्हेंबर १९४५ मध्यें प्रजासत्ताकाचा सेनापति झाला. क्षयानें जर्जर असतां डोलींत बसून त्यानें डचांविरुद्ध गनिमी युद्ध चालविलें, आणि १९५० च्या जानेवारींत तो वारला.

या इतिहासावर एक काळा डागहि आहे. १९६५-६६ मध्यें इंडोनेशियांत कम्युनिस्ट म्हणून लाखों माणसें मारलीं गेलीं. नोव्हेंबर १९६५ मध्यें मुहम्मदियेनें कम्युनिस्टांचें निर्मूलन हें धर्मकार्य असल्याचें जाहीर केलें होतें, आणि जुन्या पक्षाच्या तरुण संघटनेचाहि या कत्तलींत हात होता. अल् माऊनचा पाठ पुनःपुन्हां देणाऱ्या गुरूच्या संस्थेनें हें करावें, याचा मेळ कसा घालावयाचा हें तिच्या अभिमान्यांनाहि सांगतां येत नाहीं.

आज मुहम्मदियेचीं दीडशेहून अधिक विद्यापीठें व महाविद्यालयें, शंभराहून अधिक रुग्णालयें आणि हजारों शाळा आहेत. त्यांतल्या कांहीं अशा भागांत आहेत कीं, जेथें मुसलमान थोडे आणि ख्रिस्ती पुष्कळ. तिमोर बेटावर कुपांग येथें तिचें विद्यापीठ आहे. तेथील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती. फ्लोरेस बेटावरील एंदे गांवच्या शाळेंतहि तोच प्रकार. पालक तेथें मुलें पाठवितात तीं शाळा बरी आणि फी परवडणारी म्हणून. आतां प्रश्न येतो तो या मुलांच्या धर्मशिक्षणाचा. दहलान यांनीं एके काळीं सरकारी अध्यापनशाळेंत जाऊन, आमच्या मुलांना आमचा धर्म शिकवूं द्या, अशी मागणी केली होती. एंदेच्या शाळेनें ख्रिस्ती मुलांना त्यांचा धर्म शिकविण्यासाठीं ख्रिस्ती शिक्षक नेमले.